बेटावरची छत्री

निवटबेट दुर्गम आहे हे निवटबेटातल्या माणसांना कंपनीची माणसं आली तेव्हा कळलं. तोवर त्यांचा समज असा, की आपण डोंबिवलीला खेटून आहोत. वारा इकडचा असला की डोंबिवलीच्या गणपतीचे लाउडस्पीकर बेटावरच्या अंगणात वाजतात. घरोघरी टीव्ही, निम्मी पोरं एमआयडीसीत कामाला, बाया मासळी घेऊन पार ठाण्यापर्यंत जाणाऱ्या. मधे खाडी तेवढी आडवी. रेतीबंदराला होडीनं उतरलं की झालं.

नव्हता तो फक्त फोन. खाडीखालून वायर कोण आणणार? अर्ज करून करून गावातल्या म्हाताऱ्यांचे अंगठे झिजले, पण टेलिफोन खात्याचं उत्तर कायम ‘बघू’ एवढंच. आणि मग नव्व्याण्णव सालच्या सुरुवातीला ही कंपनी आली. आकाशातल्या उपग्रहावरून खेडोपाडी फोन आणि इंटरनेट नेणार म्हणे. त्यासाठी आधी एक दुर्गम गाव हवं होतं, पाहुण्यांना दाखवायला. गाव दुर्गम तर पाहिजे, पण दाखवून झाल्यावर साहेबांना रात्रीच्या जेवणाला घरीही पोचता आलं पाहिजे. असं दुर्गम कुठं मिळतं? ते निवटबेटात मिळालं.

शेवंतीला हे सगळं मागाहून उमगलं. आधी उमगलं असतं तर तिनं वर्तकसाहेबांना जेटीवरूनच परत पाठवलं असतं, कारण शेवंती ती शेवंती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, ठाण्याला नौपाड्याच्या मार्केटात मासळीची पाटी घेऊन बसणारी, गिऱ्हाइकानं कोलंबी उलटीपालटी करून भाव पाडायला सुरुवात केली की “ताई, लगीन जमवायचंय का हिचं?” असं विचारणारी. तिच्या तोंडाला गावातला पुढारी दामाजीसुद्धा वचकून असायचा. तो नात्यानं तिचा चुलतदीर.

पण छत्रीवर तिचा जीव जडला. ती मोठी पांढरी थाळी शाळेच्या कौलांशेजारी बसवली तेव्हा गावानं तिला छत्री म्हणायला सुरुवात केली. त्या छत्रीतून फोन लागतो, कॉम्प्युटर चालतो आणि पडद्यावर ठाण्याची डॉक्टरीण समोरासमोर बोलते, असं वर्तकसाहेबांनी सभेत सांगितलं, तेव्हा शेवंतीच्या डोळ्यांसमोर गोदा आली. गोदा गुणाजीची सून. गेल्या शिमग्याला तिला कळा लागल्या, काहीतरी अडलं, आणि होडी होती पलीकडे रेतीबंदराला. इकडून गावानं कंदील हलवले, हाका मारल्या, टोप वाजवले. पलीकडे होडीवाला चहा पीत बसला होता. त्याचीही चूक नाही, त्याला काय स्वप्न पडणार? होडी आली तोवर गोदा जेटीवरच गेली, पोटातल्या जिवासकट. रेतीबंदरावरच्या पानवाल्याकडे फोन आहे. बेटावर एक असता तर गोदा आज पोराला मांडीवर घेऊन बसली असती.

आणि आता शेवंतीची सून मालू पोटुशी होती. आठवा लागलेला. पहिलंच बाळंतपण, आणि पंधरवड्यापासून पोरीचे पाय सुजत होते. बाया म्हणत, होतं असं, मीठ कमी कर. शेवंती वरवर हो म्हणायची. आतून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून तर सभेत सगळ्यांत आधी तीच उठून म्हणाली होती, बसवा छत्री, जागा लागेल ती घ्या. तिच्या मुलाला, नामाला, वर्तकसाहेबांनी छत्रीवर ऑपरेटरची नोकरी कबूल केली, तेव्हा तर तिनं गावदेवीला नारळच फोडला.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात कंपनीनं गावाला दुर्गम करायला घेतलं. घरांवरच्या टीव्हीच्या अँटेना काढायला लावल्या. फोटोत बऱ्या दिसत नाहीत म्हणे. एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांना पँटी नकोत, कमरेला रुमाल आणि डोक्याला टोप्या घाला म्हणून सांगितलं. बायांनी हळदीला नेसतात तशी लुगडी नेसायची, अंगावर असतील नसतील तेवढे दागिने घालायचे. शेवंतीनं विचारलं, सोनं घातलेलं चालतं आणि अँटेना चालत नाय, हे कसलं दुर्गम? वर्तकसाहेब हसले. हसण्यावारी न्यायची त्यांची हातोटी मोठी होती. गोरा, गोडबोल्या माणूस, तोंडात सदा ‘मावशी’. त्यांनीच शेवंतीला निवडलं. पडद्यावरच्या डॉक्टरीणबाईंशी बोलायचं कुणी, तर शेवंतीमावशींनी. काय बोलायचं तेही ठरलेलं. मला खोकला आहे, काय घेऊ? डॉक्टरबाई म्हणणार, गरम पाणी प्या. मग टाळ्या.

शेवंतीला उभ्या आयुष्यात खोकला म्हणून झाला नव्हता. तिनं तेही सांगितलं. साहेब म्हणाले, मावशी, एक दिवस खोकायला काय जातंय?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी भरतीच्या पाण्यावर पाहुणे आले. दिल्लीचे मोठे साहेब, दोन परदेशी, पेपरवाले, कंपनीची बाकी मंडळी, अशी होडी भरून माणसं. होडीला झेंडूच्या माळा आणि नामाच्या अंगात कंपनीनं दिलेला पिवळाधमक सदरा. दुपारी एकच्या सुमारास ओहोटीचं पाणी जेटी सोडायला लागणार आणि नंतर दिवेलागणीपर्यंत तिथं नुसता चिखल, हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी कार्यक्रम पाण्याच्याच बेतानं आखला होता. सगळं एकपर्यंत उरकायचं, पाहुण्यांना होडीत बसवायचं, दोनला डोंबिवलीत जेवण. गावातले बाकीचे पुरुष ओहोटीला जाळी काढायला खाडीत गेलेले, लहान होड्या त्यांच्याबरोबर. बेटावर उरली ती एकच, गावाची मशीनची होडी.

मांडव घातला, भाषणं झाली. मग पडदा उजळला आणि खरोखरच त्यात नौपाड्याच्या डॉक्टर बर्वे दिसल्या. पांढरे केस, चष्मा, गळ्यात नळी. आवाज जरा मागून येत होता, पण माणूस समोर बसल्यासारखं. शेवंतीला एकदम वाटलं, गोदा, बाय, एकच वर्ष थांबायचं होतंस गं.

“बोला मावशी, काय होतंय?” डॉक्टर बर्वेंनी विचारलं.

वर्तकसाहेब बाजूला उभे राहून खोकल्याची खूण करत होते. शेवंतीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बायांच्या घोळक्यात मागे बसलेल्या मालूला तिनं दंडाला धरून उठवलं, पुढं आणलं आणि पडद्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. म्हणाली, “मना काय नाय झालेलं. हिला बगा. आठवा हाय, आन् पाय सुजलेत.”

डॉक्टरबाई खुर्चीत पुढं सरकल्या. त्यांनी मालूला चेहरा उजेडाकडे करायला सांगितलं. शेवंतीला मालूच्या पायावर अंगठा दाबायला लावला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. डोकं दुखतं का? मालू म्हणाली, दोन दिवस लई. डोळ्यांसमोर काजवे चमकतात का? मालू जरा थांबली, सासूकडे बघितलं, मग हो म्हणाली. हे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. सासूच्या जिवाला आणखी घोर नको म्हणून गप्प राहिली होती पोर.

डॉक्टरबाईंचा आवाज बदलला. “मावशी, नीट ऐका. हिचा रक्तदाब फार वाढलाय असं मला वाटतं. झटके येऊ शकतात. हिला आत्ताच्या आत्ता डोंबिवलीला न्या, उद्यावर टाकू नका. स्टेशनजवळ माझ्या मैत्रिणीचं हॉस्पिटल आहे. मी तिला फोन करून ठेवते, तुम्ही सरळ तिथं जा.”

शेवंतीनं मालूला उठवायला हात पुढं केला, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

होय, टाळ्या. एका बाईला सांगितलंय की तुझी सून मरणाच्या दारात आहे, आणि दिल्लीचे साहेब उठून उभे राहून टाळ्या वाजवताहेत, फोटोवाले फटाफट फोटो घेताहेत. वर्तकसाहेबांनी माइक घेतला आणि म्हणाले, पाहिलंत, याला म्हणतात क्रांती. मग म्हणाले, आता कॉम्प्युटरवर आपण अमेरिकेतल्या एका शाळेचं पान पाहणार आहोत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हे. शेवंतीनं मालूला धरलं आणि मांडवातून बाहेर काढलं. अमेरिकेतली शाळा बघायला ती थांबली नाही.

घरून चादर आणि गोधडी घेऊन ती जेटीवर पोचली तर नामा होडीत उभा, पिवळ्या सदऱ्यात. बायकोचा चेहरा बघून तो गांगरला. काठावर दामाजी उभा होता, खांद्यावर नवा टॉवेल. तो म्हणाला, शेवंते, जरा दम खा, पाहुणे निघताहेत, ते गेले की लगेच हिला नेऊ. होडी पाहुण्यांना दिलेली हाय.

“कोनी दिली?” शेवंतीनं विचारलं.

दामाजी म्हणाला, मी दिली. साहेबांना शबुद दिलाय.

आता इथं बेटाची एक रीत सांगायला हवी. ही होडी एकट्या कुणाची नाही, गावाची. ती चालवायची बारी घराघरावर फिरते. आज या घराची, उद्या शेजारच्या. ज्या घराची बारी त्या घरानं माणूस द्यायचा, डिझेल भरायचं, आणि त्या दिवशी होडीवर शब्द चालणार तो त्या घरच्या वडीलमाणसाचा. मग सरपंच असो की पोलीसपाटील, विचारायचं त्यांनाच. दामाजीच्या स्वतःच्या लेकाची वरात एकदा खाडीकाठी थांबली होती, कारण बारी राघोच्या घराची होती आणि राघोच्या म्हातारीला आधी दवाखान्यात न्यायचं होतं. बँडवाले उन्हात उभे राहिले, पण कुणी ब्र काढला नाही. बारीला बट्टा लावायचा नाही, एवढं पाळलंय बेटानं.

आणि साहेबांसमोर छाती फुगवायच्या नादात दामाजीनं विचारलंच नाही की त्या दिवशी बारी कुणाची आहे. मोठी माणसं आली की आपल्याकडच्या मोठ्यांना हे असं होतं. दुसऱ्याच्या हातातलं पान उचलून पाहुण्याला वाढतात आणि वर म्हणतात, घ्या, आमच्याकडं काही कमी नाही.

“आज बारी माज्या घराची हाय, भावोजी,” शेवंती म्हणाली. “शबुद तुमी दिला, होडी माजी.”

तेवढ्यात वर्तकसाहेब आले धावत, मागून पाहुण्यांची रांग. काय झालंय ते कळल्यावर त्यांनी आपला तो गोड आवाज काढला. मावशी, आम्ही पलीकडे उतरलो की बोट तशीच परत पाठवतो. फार तर अर्धा तास.

शेवंतीनं जेटीच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं. खालच्या पायऱ्या उघड्या पडून काळ्याशार झाल्या होत्या. होडी एकदा गेली की त्या पाण्यावर परत लागणार नव्हती, आणि साहेबांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर मघाशी मांडवात ते सारखे घड्याळ बघत होते. ठाऊक नसलेल्याला एक वेळ माफ करता येतं. ठाऊक असून जो अर्धा तास म्हणतो, त्याच्या तोंडाकडे बघायचं कसं? शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज तिनं चढवला नाही. तिनं सांगितलं, पोर आडवी झोपून जाणार, राहिलेल्या जागेत तीन-चार जण बसा, तुम्हाला नाही म्हणत नाही.

तर कुणी बसायचं यावर त्या मंडळींचं जमेना. दिल्लीचे साहेब एकटे जायला तयार नव्हते, त्यांचे सेक्रेटरी त्यांना सोडायला तयार नव्हते, परदेशी पाहुण्यांना मागं ठेवलं तर बरं दिसत नव्हतं. मग वर्तकसाहेबांना आठवलं की आपण फोन आणलाय की. ते म्हणाले, मावशी, एक मिनिट, आत्ता सॅटेलाइट फोनवरून पलीकडून दुसरी बोट मागवतो. तेच तर दाखवायला आलोय आपण. शेवंतीलाही ते पटलं. खरंच की, फोन आहे.

ते शाळेकडे गेले. छत्रीची जोडणी बघायला कंपनीचा तानाजी नावाचा इंजिनीअर होता, त्याच्याशी बोलले. बोलणं लांबलं तशी शेवंतीही वर गेली. तानाजी मान खाली घालून उभा होता.

“साहेब, लाइन नाहीये,” तो म्हणाला. “उपग्रहावरची वेळ आपण एक वाजेपर्यंतचीच घेतली होती.”

“मग वाढव ना.”

“ती इथून वाढत नाही. मुंबईहून करावं लागतं. आणि मुंबईला कळवायला लाइन लागते.”

शेवंतीनं छत्रीकडे पाहिलं. पांढरी, गुळगुळीत, तोंड आभाळाकडे करून बसलेली. आभाळही होतं तिथंच. फक्त ते एक वाजता बंद झालं होतं, आणि हे या लोकांना आधीपासून ठाऊक होतं. उद्या ते उघडणार नव्हतं, परवा उघडणार नव्हतं, गावात कुणी अडलं-नडलं तर उघडणार नव्हतं. नामाची नोकरी, गावाचा फोन, पडद्यावरची डॉक्टरीण, सगळी बोलाचीच कढी. तिला वाटलं, या माणसाच्या कानाखाली एक ठेवून द्यावी. पण तेवढा वेळ नव्हता. ती तशीच जेटीवर परतली.

“नामा, बारी कोनाची?” तिनं विचारलं.

नामानं वर्तकसाहेबांकडे पाहिलं. पोराला नोकरी दिसत होती, खुर्चीवर बसून करायची, शर्टाची घडी न मोडणारी. शेवंतीला ते दिसत होतं आणि त्याची कीवही येत होती. पण मालूनं तेवढ्यात डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि ती खाली बसली.

“आपली,” नामा म्हणाला. त्यानं पिवळा सदरा काढून काठावर टाकला आणि मशीनचं हँडल हातात घेतलं. मालूला उचलून होडीत ठेवायला तानाजी पुढं आला, बूट चिखलात घालून. बाकी कुणी आलं नाही.

रेतीबंदरावरून रिक्षा केली. हॉस्पिटलची पाटी दिसायला लागली तेव्हा मालूला पहिला झटका आला. दारात दोन नर्सा स्ट्रेचर घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर बर्वेंनी शब्द पाळला होता. लगेच ऑपरेशन झालं. मुलगी झाली, एवढीशी, कपड्याच्या बोळ्यासारखी, पण रडली खणखणीत. मालूनं तिसऱ्या दिवशी डोळे नीट उघडले तेव्हा शेवंतीनं भिंतीकडे तोंड करून मनसोक्त रडून घेतलं. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तासभर उशीर झाला असता तर दोघीही हाताला लागल्या नसत्या.

तिकडे बेटावर पाहुणे दिवे लागेपर्यंत बसून होते. सेक्रेटरींनी चिखलातून चालत जायचा प्रयत्न केला. त्यांना बायांनी दोराला धरून बाहेर काढलं, बूट काही निघाले नाहीत. गावानं त्यांना उपाशी ठेवलं नाही. जवळ्याचं कालवण आणि भाकरी वाढली. शेवंतीच्या घरची बारी होती म्हणून भाकऱ्या तिच्याच चुलीवर शेजारणींनी भाजल्या.

महिना व्हायच्या आत कंपनीची माणसं परत आली आणि छत्री उतरवून घेऊन गेली. प्रोजेक्ट संपला, म्हणाले. गरज सरो, वैद्य मरो. गावानं अँटेना पुन्हा चढवल्या. दामाजीनं पारावर बसून सांगायला सुरुवात केली, की छत्री गेली ती शेवंतीपायी. पाहुण्यांना चिखलात बसवल्यावर कोण ठेवील? आणि लोकांनी ते मानलं. हे शेवंतीला फार लागलं. कंपनीनं फसवलं त्याचा संताप होता, पण तो परक्यांवरचा. इथं गोदाचा सासरा गुणाजीसुद्धा तिला म्हणाला, वयनी, जरा सबूर केली असतीस तर गावाला फोन राह्यला असता. छत्री त्या दिवशी एकलाच बंद झाली होती, हे तिनं त्याला सांगून बघितलं. त्याला ते खरं वाटलं नाही. एवढी मोठी वस्तू लोक एका दुपारसाठी कशाला आणतील?

पावसाळ्यानंतर ती कोळशेतला भाचीच्या हळदीला निघाली होती. माजिवड्याच्या नाक्यावर रिक्षा सिग्नलला थांबली आणि तिनं वर पाहिलं. भलंमोठं होर्डिंग. त्यावर ती स्वतः. लुगडं, सोनं, तोंड उघडं, आणि शेजारी खुर्चीत मालू, सुजलेल्या चेहऱ्याची. चौथीपर्यंत शिकलेली शेवंती अक्षर अक्षर लावून वाचू लागली. ‘जिथे रस्ता नाही, तिथे आम्ही.’ खाली बारीक अक्षरांत, ‘उपग्रहामुळे निवटबेटातील मायलेकींना जीवदान.’

रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, मावशी, तुम्हीच काय? ती वरच बघत राहिली. सुनेच्या जिवावर बेतलं तेव्हाचं माझं तोंड रस्त्यावर टांगलंय, आणि मला विचारलंसुद्धा नाही, असं तिच्या मनात आलं. बरं, लिहिलंय ते धड खोटंही नाही. तीच तर आग होती. डॉक्टरबाई पडद्यावर दिसल्या नसत्या तर मालू गेलीच होती, गोदासारखी. वस्तू खोटी असती तर थुंकून मोकळं होता आलं असतं. वस्तू खरी होती आणि ती उचलून नेली होती.

दुसऱ्या दिवशी मार्केटात पाटी शेजारणीकडे देऊन ती नौपाड्यातल्या कंपनीच्या ऑफिसात गेली. वर्तकसाहेब तिला बघून उठून उभे राहिले. बसवलं, चहा मागवला, शाल आणि नारळ काढला. आम्ही तुम्हाला शोधतच होतो, म्हणाले. शेवंतीनं शाल टेबलावरच ठेवली.

“मना काय नको. छत्री परत आना.”

साहेबांनी सुस्कारा टाकला. मग, बहुधा चुकून, खरं बोलले. “मावशी, छत्री एकच आहे हो. ती फिरती आहे. आता मोहन्याच्या पलीकडे, काळू नदीच्या काठावरच्या एका पाड्यात जातेय. तिथं तुम्ही यायचंय. दोन शब्द बोलायचे, तुमच्या सुनेचा जीव कसा वाचला ते.”

घरी नामा म्हणाला, आये, जाशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. मालू पोरीला पाजत बसली. शेवंती म्हणाली, जानार.

पाडा निवटबेटासारखाच सोयीचा दुर्गम होता. गाडी नदीपर्यंत, मग लाकडी साकव, की आलंच. मांडव तोच, खुर्च्या त्याच, पाहुणे नवे. शाळेशेजारी तीच छत्री, काठाला निवटबेटाच्या खाऱ्या हवेनं धरलेला गंज. समोर पाड्यातली माणसं, बाया डोक्यावर पदर घेऊन. कुणाच्या काखेत तापलेलं पोर, कुणाचा हात गळ्यात बांधलेला, एक म्हातारा भिंतीला टेकून धापा टाकत होता. पडद्यावर डॉक्टर बर्वे येऊन बसल्या होत्या. कार्यक्रमात त्यांना एकाच बाईशी बोलायचं होतं. तिलाही खोकला दिला होता.

वर्तकसाहेबांनी शेवंतीची ओळख करून दिली. टाळ्या झाल्या. ती माइकसमोर उभी राहिली.

“बायांनो, ह्ये पडद्यावर दिसतं ते खरं हाय. डॉक्टरीन खरी, तिचं बोलनं खरं. तिच्यापाई माजी सून वाचली आन् नात घरात खेलते. मी खोटं बोलाया नाय आलेली.” वर्तकसाहेब मान डोलावत होते. “आता दुसरं आयका. तुमच्या शाळेपाशी बसलीय ती छत्री आमच्या गावची. आमचं दावून झाल्यावं ती काढली, आन् तुमचं दावून झाल्यावं ती काढतील. आज एक वाजेपर्यंत हाय ती. मंग बंद. तवा ज्याला आजारी पडायचंय त्यानं एकच्या आत पडून घ्या. फुडं बसा, लाजू नका. भाषनं नंतर होतील.”

साहेबांनी माइक हिसकून घेतला. मांडवात कुणी हसलं नाही. तापलेलं पोर काखेत असलेली ती बाई उठली, खोकल्याच्या बाईला बाजूला सारून खुर्चीत बसली आणि पोराचं कपाळ पडद्याला दाखवू लागली. तिच्यामागं हात बांधलेला गडी येऊन उभा राहिला. म्हाताऱ्याला दोघांनी धरून आणलं. बघता बघता रांग मांडवाबाहेर गेली. वर्तकसाहेब, पाहुणे, फोटोवाले रांगेच्या कडेला सारले गेले. डॉक्टर बर्वेंनी चष्मा पुसला, समोर कागद ओढला आणि म्हणाल्या, “एकेक जण या. मी बसलेय.”

त्या बसल्या आणि बघत राहिल्या. कुणाला औषधाचं नाव सांगितलं, कुणाला कल्याणला जा म्हणाल्या. शेवंती रांगेला पुढं सरकवत होती, मार्केटात गिऱ्हाइकं सरकवतात तशी. एक पोरसवदा बाई खुर्चीत बसली, पोट पुढं आलेलं. कालपासून पोटातलं हालत नाय, असं ती सांगू लागली. डॉक्टर बर्वे पुढं झुकल्या, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि एक वाजला. पडदा काळा झाला. ती बाई पडद्याकडे बघत तशीच बोलत राहिली.